पायांची धूळ आणि पायधूळ: अवयवांच्या वाक्प्रचारांचे भाषांतर



परभणी जिल्ह्यातील कोणत्याही गावी जा. सेलू असो, जिंतूर असो, गंगाखेड असो की पूर्णा, घरातून निघताना यजमान हात जोडून म्हणतात, "पुन्हा एकदा आमच्या घरी पायधूळ झाडा." पाहुण्याचे येणे हा घराचा सन्मान आहे आणि त्याच्या पायाची धूळसुद्धा आमच्या अंगणाला पवित्र आहे, असा त्याचा अर्थ. ही मराठी माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची आदराची भाषा आहे.

आता मत्तयकृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडा. प्रभू येशू आपल्या बारा प्रेषितांना गावोगाव पाठवीत आहे. जे घर किंवा जे गाव त्यांचे स्वागत करणार नाही आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणार नाही, तेथून निघताना पायांना लागलेली धूळ त्यांनी झाडून टाकावी, असे तो सांगतो. धूळ तीच, पाय तेच आणि क्रियापदही तेच. अर्थ मात्र नेमका उलटा आहे. तेथे धूळ झाडणे म्हणजे संबंध तोडणे.

एका रविवारी मिस्सेनंतर एका आजीबाईंनी आम्हाला थांबवून विचारले, "त्या लोकांनी शिष्यांचं ऐकलं नाही, तरी शिष्यांनी त्यांच्याकडं पायधूळ झाडलीच ना? केवढं मोठं मन!" वाचन स्पष्ट झाले होते, उच्चार शुद्ध होते, आजीबाईंचे कानही शाबूत होते. तरीसुद्धा धिक्काराचे वाक्य त्यांच्यापर्यंत आशीर्वाद होऊन पोहोचले होते. त्या दिवसापासून शरीराच्या अवयवांवरून घडलेल्या वाक्प्रचारांकडे आम्ही जरा सावधपणे पाहू लागलो. इंग्रजीतून येणारी पत्रके आणि प्रवचनांची टिपणे मराठीत आणण्याचे काम अधूनमधून आमच्याकडे येते, म्हणून हा विचार आमच्यापुरता तरी निव्वळ भाषेच्या हौसेचा नाही.

रोमच्या वाटेने आलेली भाषा

आपल्या धर्मप्रांतातील एखादा धर्मगुरू किंवा धर्मभगिनी उच्च शिक्षणासाठी रोमला जाते, तेव्हा इटालियन भाषा शिकावी लागते, आणि ती बहुधा इंग्रजी पुस्तकांच्या आधारे शिकली जाते. म्हणजे मराठी मन, इंग्रजी पुस्तक आणि इटालियन जीभ असा त्रिवेणी संगम. अवयवांची नावे पहिल्याच आठवड्यात पाठ होतात आणि गोंधळही तेव्हाच सुरू होतो.

मराठीत 'हात' म्हटला की खांद्यापासून बोटांपर्यंतचा सगळा हात आला. इंग्रजीत व इटालियनमध्ये त्याचे दोन तुकडे होतात. इटालियनमध्ये वरचा 'ब्राच्चो' आणि मनगटाखालचा 'मानो'. पायाचेही तसेच; वर 'गाम्बा', खाली 'प्येदे'. बोटांच्या बाबतीत मात्र इटालियन मराठीच्या बाजूची आहे. इंग्रजी हाताच्या व पायाच्या बोटांना वेगवेगळे शब्द वापरते, तर इटालियन आपल्याप्रमाणेच बोटाला बोट म्हणते आणि गरज पडली तर 'पायाचे' एवढे जोडते. 'मी माझे हात धुतले' असे इंग्रजीला म्हणावे लागते. इटालियन माणूस आणि परभणीचा माणूस दोघेही नुसते हात धुतात, कारण दुसऱ्याचे कोण धुणार? इंग्रजीतून मराठीत आलेल्या लिखाणात 'त्याने त्याचे डोके त्याच्या हातांनी धरले' अशी वाक्ये दिसतात, ती या एका सवयीमुळे.

इटालियनमध्ये आणखी एक गंमत आहे. 'ब्राच्चो' या शब्दाचे अनेकवचन दोन प्रकारे होते. माणसाचे बाहू ते 'ब्राच्चा' आणि वस्तूचे ते 'ब्राच्ची'. त्यामुळे क्रुसाच्या दोन आडव्या भुजांना एक शब्द लागतो आणि त्यांवर पसरलेल्या ख्रिस्ताच्या बाहूंना दुसरा. इंग्रजीतून शिकणारा येथे हमखास चुकतो.

वाक्प्रचारांकडे आलो की इंग्रजी व इटालियन या दोन भाषा कधी सख्ख्या बहिणींसारख्या वागतात, तर कधी अगदी अनोळखी होतात. 'हात धुणे' हा वाक्प्रचार दोघींत आहे आणि दोघींत अर्थ एकच: जबाबदारी नाकारणे. याचे कारण उघड आहे. संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस व पाचव्याच्या आरंभी सिद्ध केलेले लॅटिन बायबल युरोपभर शेकडो वर्षे वाचले गेले आणि पिलाताने गर्दीसमोर धुतलेले हात सगळ्यांच्या बोलण्यात उतरले. पण जेथे बायबलचा आधार नाही, तेथे दोघींची फारकत होते. एखादी वस्तू फार महाग पडली तर इंग्रज म्हणतो, एक हात आणि एक पाय गेला. इटालियन म्हणतो, डोक्यातला एक डोळा गेला. आपण म्हणतो, कंबरडे मोडले. पाठांतर इंग्रज हृदयाने करतो, इटालियन स्मरणाने, आणि आपण तोंडाने किंवा कंठाने. म्हणून तर 'तोंडपाठ' आणि 'कंठस्थ'. ईयोबाच्या पुस्तकातील दातांच्या कातडीने निसटण्याची कल्पना इंग्रजीने जशीच्या तशी उचलली. दातांना कातडी नसते, म्हणजे अगदी थोडक्यात. मराठीत त्यासाठी आयते पडलेले आहे: जिवावरचे बोटावर निभावले.

आणि काही वेळा इंग्रजीला बाजूला सारून इटालियन व मराठी परस्पर हातमिळवणी करतात. तुच्छता दाखवताना इटालियन माणूस नाक मुरडतो, तेही अगदी आपल्याच शब्दांत. गुपित राखायचे तर तो 'तोंडात पाणी' म्हणतो. आपण मिठाची गुळणी धरतो. खासगी बोलणे तो 'चार डोळ्यांत' करतो, आणि आपले गुपित षट्कर्णी झाले की फुटते. दोन माणसे, चार डोळे, चार कान. तिसरा आला की सहा. इंग्रज माणूस थट्टा करताना पाय ओढतो. मराठीत पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे, त्यात थट्टेचा लवलेश नाही. इटालियनमध्ये मात्र थट्टा करणे म्हणजे शब्दशः 'फेरीत घेणे', आणि आपण कोणाची 'फिरकी घेतो'. हे साम्य पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा आम्ही खूप वेळ एकटेच हसत होतो.

इंग्लंड, रोम आणि मराठी हा प्रवास सर्वांत आधी ज्यांनी केला, त्यांचे नाव येथे घ्यायलाच हवे. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. १५७५ साली ते रोममध्ये येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ साली गोव्यास पोहोचले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ भाषांतर नव्हे. बायबलमधील इतिहास त्यांनी मराठी पुराणाच्या रीतीने नव्याने सांगितला. त्यासाठी ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी घेतली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यासही ते कचरले नाहीत. ज्याला शब्दाला शब्द ठेवायचा नाही, त्याला एवढे स्वातंत्र्य असते. पुढे विल्यम केरी यांनी श्रीरामपूरहून १८११ साली मराठी नवा करार छापला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली आले. या मंडळींना ओवीची मोकळीक नव्हती. समोर हिब्रू किंवा ग्रीक वाक्य होते आणि त्या वाक्यात माणसाचे नाक, मान, आतडी आणि मूत्रपिंडेसुद्धा होती.

नाक, मान आणि आतडी

हिब्रू भाषेत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे: 'अफ'. रागावलेल्या माणसाच्या नाकपुड्या फुलतात, त्यावरून तो आला असावा. निर्गम ग्रंथात देव मंदक्रोध आहे असे सांगताना मूळ शब्द 'लांब नाकाचा' असे म्हणतात. भाषांतरकाराने हे शब्दशः लिहिले असते तर मंदिरात हशा पिकला असता. पण कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्याकडेही राग नाकाच्या शेंड्यावर बसतो. ज्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग, तो शीघ्रकोपी. नाक लांब असेल तर रागाला शेंड्यापर्यंत पोहोचायला वेळ लागेल! व्याकरण्यांना हे स्पष्टीकरण पटेल की नाही ते सांगवत नाही, पण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना ते चटकन उमगते.

मूत्रपिंडांची कथा अशीच आहे. जुन्या करारात माणसाच्या सर्वांत खोल, लपलेल्या हेतूंचे स्थान म्हणजे मूत्रपिंडे. देव हृदय आणि मूत्रपिंडे पारखतो, असे संदेष्टा यिर्मया सांगतो. मराठी भाषांतरकारांनी येथे 'अंतर्याम' हा शब्द वापरला. याहून चांगला शब्द आम्हाला तरी सुचत नाही.

हृदयाच्या बाबतीत मात्र जरा थांबावे लागते. हिब्रू माणूस हृदयाने विचार करतो. नीतिसूत्रांच्या ग्रंथात मूर्ख माणसाला 'हृदय नसलेला' म्हटले आहे. मराठीत तो 'हृदयशून्य' झाला तर निर्दय ठरेल. मुळात तो बिचारा केवळ बिनडोक आहे. शुभवर्तमानात शिष्यांची हृदये कठीण झाली होती असे मार्क लिहितो, तेव्हाही ते क्रूर झाले होते असा अर्थ नाही. भाकरींचा चमत्कार त्यांच्या डोक्यात शिरला नव्हता. उलट बाजूने पाहिले तर इंग्रजीतील एकाच हृदयासाठी मराठीत मन, अंतःकरण, काळीज, ऊर, छाती, जीव आणि पोट इतके दरवाजे आहेत. मनापासून आभार मानावेत, काळीज तुटावे, ऊर भरून यावा, छाती असावी, जीव लावावा, पोटात माया असावी. सगळीकडे 'हृदय' लिहिणारा भाषांतरकार चुकत नाही, पण त्याचे मराठी दुकानातल्या कोऱ्या कापडासारखे लागते.

'काळीज' हा शब्द तर मुलखावेगळा आहे. बोलण्यात ते प्रेमाचे आणि धैर्याचे ठिकाण. वाघाचे काळीज म्हणतो ते यामुळे. पण खाटकाच्या दुकानात काळीज मागितले तर यकृत मिळते. इटालियन माणूसही धाडसी माणसाला 'यकृत असलेला' म्हणतो. त्यांचा शब्द 'फेगातो'. विलापगीतात यरुशलेमच्या नाशाने दुःखी झालेला कवी आपले यकृत जमिनीवर ओतले गेले असे म्हणतो. तेथे मराठीतील काळीज दोन्ही अर्थांनी बरोबर बसते. शरीराचेही तेच आणि दुःखाचेही तेच. अशा जागा भाषांतरकाराला आयुष्यात फार थोड्या मिळतात. तरीही येशूच्या अतिपवित्र हृदयाच्या सणाला कोणी काळजाचा सण म्हणत नाही, आणि म्हणूही नये. तेथे भाल्याने भेदलेल्या कुशीचे स्मरण आहे, चित्र आहे, शतकांची भक्ती आहे. ते हृदयच राहिले पाहिजे.

आतड्यांकडे वळू. शुभवर्तमानांत येशूच्या करुणेसाठी 'स्प्लांख्निझोमाइ' असे एक ग्रीक क्रियापद येते. मत्तय, मार्क आणि लूक मिळून ते बारा वेळा वापरतात. त्याच्या मुळाशी आतडी हा शब्द आहे. नाईन गावच्या विधवेला पाहून प्रभूला जे वाटले ते हे. जखमी वाटसरूला पाहून शोमरोनी माणसाला जे वाटले ते हे. दूरवर उधळ्या पुत्राची आकृती दिसताच बापाला जे झाले तेही हेच. जुन्या इंग्रजी बायबलमध्ये पौलाच्या पत्रांतील याच मुळाचा शब्द सरळ 'आतडी' म्हणून ठेवला होता, आणि आजच्या इंग्रज वाचकाला तो ऐकवत नाही. म्हणून नव्या आवृत्त्या करुणा, दया असे सौम्य शब्द वापरतात.

मराठीला येथे कशाचीही उणीव नाही. आमच्याकडे आईचे आतडे तुटते. पोटात कालवते. आतड्याची माया असते. ऊसतोडीला गेलेला मुलगा सहा महिन्यांनी परत येताना दिसला की दारात उभी असलेली आई "पोटात तुटलं बघ" म्हणते, तेव्हा ती नकळत लूकचे ग्रीक बोलत असते. मराठी बायबलमध्ये या ठिकाणी 'कळवळा' हा शब्द आहे आणि तो उत्तम आहे, कारण तो पोटात कळ यावी तसा ऐकू येतो. हिब्रूत करुणेचा शब्द गर्भाशयाच्या शब्दापासून निघाला आहे, हेही येथे आठवावे. इंग्रजी मसुद्यावरून काम करणारा मात्र 'त्याला दया आली' असे लिहून मोकळा होतो. दया भिकाऱ्याचीही येते. कळवळा आपल्या माणसाचा येतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्याचे सारे मर्म या एका शब्दात आहे, आणि ते इंग्रजीच्या वाटेने आले की निम्मे गळून जाते.

मानेचा प्रश्न सर्वांत अवघड वाटतो. देवाने आपल्या हट्टी प्रजेला निर्गम ग्रंथात जे म्हटले, त्याचे भाषांतर मराठीत 'ताठ मानेचे लोक' असे झाले आहे. शब्द बरोबर आहे. जुवाखाली मान न देणाऱ्या बैलावरून तो आला, असे भाष्यकार सांगतात, आणि परभणीच्या काळ्या मातीत ज्याने औत धरले आहे त्याला तो बैल लगेच ओळखू येईल. पण मराठीत 'ताठ मानेने जगणे' ही स्तुती आहे. त्यातून 'ती मान' आणि 'तो मान' या दोन शब्दांत फक्त लिंगाचा फरक, त्यामुळे ताठ मानेला सन्मानाचा वास येतोच.

मराठवाड्यात तर याला आणखी एक बाजू आहे. आपल्या अनेक धर्मग्रामांतील कुटुंबांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून वावरत होते. मान वर करणे हाच गुन्हा मानला जात होता. १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ रोजी नामांतर होईपर्यंत विद्यापीठाच्या नावासाठी येथे जो लढा झाला, त्यात ताठ मानेची किंमत लोकांनी घरेदारे गमावून मोजली. अशा लोकांसमोर, देव ताठ मानेच्या लोकांवर रागावला, असे वाचून पुढे निघून जाणे आम्हाला बरे वाटत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात नको तो देव उभा राहतो. येथे मान ही केवळ उपमा आहे. प्रसंगात कोणाची मान प्रत्यक्ष आलेली नाही. म्हणून 'हटवादी' किंवा 'अडेलतट्टू' म्हणण्यास काही हरकत नसावी. बैलाच्या जागी तट्टू आले, एवढेच. ज्यांना मूळ चित्र हवे असेल त्यांनी 'जुवाला मान न देणारे' असे म्हणावे. जू आले की अर्थ सरळ होतो.

डोळ्यांचेही एक उदाहरण द्यायला हवे. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात धनी तक्रार करणाऱ्या मजुराला विचारतो की, मी उदार आहे म्हणून तुझा डोळा वाईट झाला काय? मूळ अर्थ हेवा. मराठीत 'वाईट नजर' म्हटली तर परस्त्रीकडे पाहणे मनात येते. 'नजर लागणे' म्हटले तर मीठ-मोहऱ्या ओवाळाव्या लागतील. दुसऱ्याचे भले मराठी माणसाच्या डोळ्यांत खुपते. खुपणे हाच तेथे शब्द.

आणि कुसळ-मुसळ! पर्वतावरील प्रवचनात भावाच्या डोळ्यातील कण आणि स्वतःच्या डोळ्यातील तुळई यांची तुलना आहे. इंग्रजीत व इटालियनमध्ये तुळईच आहे. मराठीत तुळई गेली आणि मुसळ आले. सुतारकामातील लाकूड जाऊन स्वयंपाकघरातील लाकूड आले, पण दोन शब्द असे जुळले की कोणी बायबल न उघडणारा माणूसही ते वाक्य म्हणतो. ज्वारीच्या खळ्यावर ज्याच्या डोळ्यात एकदा कुसळ गेले आहे, त्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सगळे शब्द असेच जुळवता आले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

दवाखान्यातील मराठी

आपल्या दवाखान्यांत काम करणाऱ्या अनेक धर्मभगिनी केरळ, मंगळूर अशा ठिकाणांहून येतात. त्या मराठी शिकतात ती रुग्णांकडूनच, आणि रुग्ण अवयवांच्या भाषेत बोलतात. "डोळे आले" म्हणजे डोळ्यांची साथ. "तोंड आले" म्हणजे तोंडात फोड. "कान फुटला" म्हणजे कानातून पू येतो आहे. "घोळणा फुटला" म्हणजे नाकातून रक्त. आलेले डोळे आणि आलेले तोंड ऐकून नव्या भगिनीला वाटते की काही तरी चांगले घडले आहे.

येथे चूक झाली तर ती प्रवचनातल्या चुकीपेक्षा महाग पडते. "ऊर भरून आला" ही भावना आहे; "छाती भरली" हा कफ आहे. "हातपाय गळाले" असे वाईट बातमी ऐकलेली बाई म्हणते आणि खरोखर अंगातली शक्ती गेलेला म्हातारा रुग्णही म्हणतो. "पोटात आग पडली" ही भूकही असते आणि जळजळही असते. एका धर्मभगिनीने आम्हाला सांगितले की शब्दकोश पाहणे त्यांनी पहिल्याच वर्षी सोडून दिले. आता त्या रुग्णाला विचारतात, "हे मला बोट ठेवून दाखवा." वाक्प्रचार असेल तर माणूस हसतो, दुखणे असेल तर बोट बरोबर जागेवर जाते.

काय ठेवावे, काय बदलावे

या बाबतीत अखिल ख्रिस्तसभेचे मार्गदर्शन आहेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली. पुढे २००१ साली उपासना-ग्रंथांच्या भाषांतराविषयी रोमहून जो आदेश निघाला, त्याच्या त्रेचाळिसाव्या कलमात नेमका अवयवांचा विषय आहे. देवाचा बाहू, देवाचे बोट, देवाचा हात, देवाचे मुख, तसेच देह, शिंग, तोंड असे शब्द शब्दशः ठेवले तरच त्यांचा पूर्ण जोर टिकतो, असे तेथे म्हटले आहे. त्या आदेशावर पुष्कळ टीका झाली आणि २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी भाषांतराची अधिक जबाबदारी देशोदेशीच्या महागुरूंकडे सोपविली. पण एवढ्या एका कलमापुरते आम्ही रोमच्या बाजूचे आहोत. 'देवाचा हात' याऐवजी 'देवाचे सामर्थ्य' लिहिले की देव दूर जातो. आणि आपल्या जिल्ह्याला तर हातापायांच्या देवाची सवय आहे. गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल त्यांच्यासोबत जात्यावर बसून दळतो. जेथे सातशे वर्षे असा देव गायिला गेला, तेथे देवाचे बोट ऐकून कोणी दचकत नाही.

आमच्यापुरती आम्ही एक पद्धत ठरवली आहे. अवयव केवळ बोलण्याच्या ओघात आला असेल, तर मराठीत ते काम जो अवयव करतो त्याच्याकडे ते सोपवावे. नाकाचे काम क्रोधाला द्यावे, मानेचे हट्टाला. पण प्रसंगात ती कृती प्रत्यक्ष घडली असेल, तर तिला हात लावू नये. पिलाताने पाणी मागवून खरोखरच हात धुतले. मराठीत वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे म्हणजे संधी साधणे आणि हात धुऊन मागे लागणे म्हणजे पाठ न सोडणे. जबाबदारी टाळणारा मराठी माणूस हात झटकतो किंवा वर करतो. तरीही पिलाताला हात झटकायला लावता येणार नाही, कारण ते पाणी, ते भांडे आणि ती गर्दी तेथे होती. त्या जागी भाषांतरकाराने गप्प बसावे आणि प्रवचनकाराने बोलावे.

पायांच्या धुळीचेही तसेच. प्रेषितांची कार्ये या पुस्तकात पौल आणि बर्णबा यांनी पिसिदियातील अंत्युखियाच्या वेशीवर ती प्रत्यक्ष झाडली आहे. परक्यांच्या प्रदेशातून परतताना यहुदी लोक पायांची धूळ झाडीत, म्हणजे त्या मातीचा कणही आमच्यासोबत नको, असे भाष्यकार सांगतात. मराठीत याला जवळची भाषा आहे: त्या गावचे पाणीसुद्धा पिणार नाही, पुन्हा त्या उंबऱ्यावर पाऊल ठेवणार नाही. पण धूळ काढून पाणी घालता येत नाही. म्हणून आमच्या वाचकांसाठी काढलेल्या कागदावर आम्ही 'झाडणे' बदलून 'झटकून टाकणे' एवढेच केले आणि वाचनाआधी म्हणायचे एक वाक्य जोडले की, येथे पाहुण्याची पायधूळ नव्हे, तर संबंध तोडल्याची खूण समजावी. हे वाचन 'ब' वर्षी सामान्य काळातील पंधराव्या रविवारी मार्ककडून येते आणि 'क' वर्षी चौदाव्या रविवारी लूककडून. दोन्ही वेळा जुलै महिना असतो. परभणीत तेव्हा पेरण्या झालेल्या असतात आणि मंदिराच्या पायऱ्यांवर धूळ नव्हे, काळा चिखल असतो. तो झटकल्याने जात नाही. खरवडून काढावा लागतो.

त्या आजीबाईंना आम्ही हे सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग सरळ काडीमोड म्हणा की!" शब्द इतका नेमका होता की आम्ही क्षणभर कागद काढून तो लिहून घेतला. नंतर खोडला, कारण काडीमोड नवराबायकोची असते. पण कागदाच्या समासात तो अजून वाचता येतो.